हेच की रान

माझी सून पहिल्यांदा आमच्या रानात यायला निघाली, तेव्हा तिनं सॅकमध्ये जळवांचे मोजे घेतले होते. जळवा अंगावर चढू नयेत म्हणून घालायचे, गुडघ्यापर्यंतचे, बारीक विणीचे. मी शिलाईवाली बाई. सोलापुरात घरातच माझं पिको-फॉलचं दुकान आहे. त्यामुळे मोजे हातात घेऊन आधी कापड बघितलं, शिवण ओढून बघितली. दुहेरी होती, चांगली होती. मग विचारलं, "हे कशाला गं?" ती म्हणाली, "जंगलात लागतात, आई." मला वाटलं, हिला पुढे कोकणात कुठं जायचं असेल. पोर हौशी आहे, म्हणून मोजे परत सॅकमध्ये ठेवले.

ती ठाण्याची. लग्नाच्या कितीतरी आधीपासून शनिवार आला की पाठीला सॅक लावून डोंगर चढणारी. माझा मुलगा पुण्यात नोकरीला, तिथंच दोघांची ओळख झाली. त्याला दोन जिने चढले की धाप लागते, मग हिला त्याच्यात काय दिसलं, असं मला वाटायचं. ते पुढे कळलं. तो तिला सांगायचा, "माझ्या आजोळी नदीकाठी आमचं रान आहे. सुट्टीत आम्ही दिवसभर रानातच. रानात जेवायचं, रानातच झोपायचं." यातला एक शब्द खोटा नाही. आमच्याकडे रान म्हणजे शेत. सकाळी घरातला माणूस रानात जातो, संध्याकाळी रानातून येतो, आणि रानात यंदा काय केलंय असं विचारलं तर उत्तर येतं, ज्वारी. पण ठाण्याच्या पोरीनं रान म्हटल्यावर काय समजावं? तिनं गर्द झाडी समजली. नदी, झाडी, आणि झाडीत झोपणारा तिचा नवरा.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं ते वेगळंच, आणि ते माझ्या मनाला लागलेलं होतं. लग्नानंतर ती सोलापूरला दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा पाहुण्यासारखी. दुसऱ्या वेळी मी गच्चीवर वाळवण काढायला गेले तर ती कठड्याला टेकून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, इथे काही नाहीच आहे," ती म्हणाली. वाईट बोलत नव्हती, कंटाळलेली होती. मी वाळवण न काढताच खाली आले आणि त्या दिवशी एका ब्लाऊजची बाही उलटी लावली. काही नाही तिथं माणूस कशाला परत येईल? आणि ती नाही आली, तर आमचा मुलगा तरी किती येणार? तो माझा आहे खरा, पण लग्न झालेल्या माणसाची गाडी दोघांना जायचं असेल तिकडेच वळते. एवढंच माझं दुखणं होतं. मला तिच्याकडून सेवा नको होती, धाक दाखवायचा नव्हता. तिला इथं यावंसं वाटावं, एवढंच.

म्हणून मुलानं फोन करून सांगितलं, "आई, हिला चार दिवस सुट्टी आहे, मला नाही. तू हिला घेऊन रानात जाऊन ये की," तेव्हा मी शटर ओढलं, आमच्या ह्यांना भात लावायला शिकवला आणि निघाले.

माझं माहेर भीमेच्या अगदी काठावर. पलीकडच्या काठाला कर्नाटक. फाट्यापर्यंत एसटी, तिथून पुढे माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. जीपमध्ये तिची सॅक मांडीवर घ्यायला जागा नव्हती, तर ड्रायव्हरनं ती टपावर टाकली आणि एका म्हातारीनं मला विचारलं, "गादी नेताय व्हय?" मी व्हय म्हणाले. फाटा ओलांडला की माझ्या तोंडात 'आहे'चं 'हाय' होतं, त्याला माझा इलाज नाही.

माहेरी माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, आणि वहिनी. दोघांची मुलं बाहेरगावी. वहिनी पलीकडच्या काठावरची, तिची मायबोली कन्नड. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ती भाकरी मराठीत थापते आणि हिशेब कन्नडमध्ये करते, असं अण्णा म्हणतो. तिनं सुनेला बघून पहिल्यांदा विचारलं, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का. सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, काहीही म्हण, ताट येणारच आहे.

दुपार कलल्यावर अण्णा टोपी घालून उठला. "चला सूनबाई, रान दावतो तुमाला."

ती आत जाऊन तयार होऊन आली. जाड बूट, डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि गुडघ्यापर्यंत ते मोजे. अण्णा हळूच माझ्याजवळ सरकला. "पायाला काय झालंय गं हिच्या?" मी म्हटलं, "काय न्हाय, फॅशन हाय." पण मोजे कोकणासाठी नव्हते, एवढं माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

रान घरापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही बांधावर उभे राहिलो. मार्गशीर्षाचे दिवस. अलीकडे तूर, शेंगांनी वाकलेली. पलीकडे छातीएवढी ज्वारी. त्याच्याही पलीकडे नदीपर्यंत ऊस. वहिनी खाली वैरण कापत होती. अण्णानं हात सगळीकडे फिरवला आणि अभिमानानं म्हणाला, "हे आपलं रान."

सुनेनं दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली. "छानच आहे, मामा," ती अदबीनं म्हणाली. "आणि रान कुठून सुरू होतं?"

"हेच की रान."

"नाही, म्हणजे, आपण जाणार आहोत ते रान."

"आलोय की आपण. हेच की रान."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघंही मराठी बोलत होते आणि दोघांनाही समोरचा काय बोलतोय ते कळत नव्हतं. माझ्या डोक्यात मोजे, दुर्बीण आणि मुलानं थाप न मारता मारलेल्या थापा, सगळं एकदम जुळलं. शेवटी वहिनीच विळा खाली ठेवून हसायला लागली. "अवो," ती अण्णाला म्हणाली, "तिला होल न्हाय, काडु पायजे."

कन्नडमध्ये शेताला होल म्हणतात आणि जंगलाला काडु. दोन गोष्टींना दोन शब्द, त्यामुळे वहिनीचा घोळ होण्याचं कारणच नाही. आम्ही मराठी माणसांनी एकाच शब्दात दोन्ही कोंबून ठेवलंय आणि त्यात माझ्या सुनेचा पाय अडकला.

"जंगल व्हय?" अण्णा म्हणाला. "जंगल हितं कुटलं? त्याला आंबोलीला जावं लागतंय."

"ठीक आहे," सून म्हणाली.

सुनांचं 'ठीक आहे' मला चांगलं कळतं. मीही कधीकाळी कुणाची सून होते. ती बांधावर बसली, बूट काढले, मोजे काढले, एकावर एक ठेवून नीट घडी केली आणि खिशात घातले. रडली असती, चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती घडी बघून मला वाईट वाटलं आणि लगेच रागही आला. मुलाचा आला, अण्णाच्या आंबोलीचा आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. मनात म्हटलं, बाई, डोळ्यांसमोर एवढी ज्वारी उभी आहे, वाऱ्यानं हलतेय, तिच्याकडे एकदा बघ तरी. घरी येताना तिनं सांगितलं की तिच्या ट्रेकिंगच्या ग्रुपला ती जंगल ट्रेकचं आमंत्रण देऊन बसली होती. सगळे तिला चिडवायचे की तू चादरींच्या गावात लग्न केलंस, आता चादर घेऊन झोप. त्यांना आणायच्या आधी ट्रेकची वाट हेरायला ती आली होती. "आता सांगते त्यांना, नाहीये म्हणून," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात मला पुन्हा ते गच्चीवरचं वाक्य ऐकू आलं.

घरी वहिनीनं चहा टाकला. सुनेचा उतरलेला चेहरा तिला सोसेना. ती म्हणाली, "काडुच पायजे तर वड्याच्या पलीकडं हाय की. तुमची जुनी साळंची वाट."

"त्या वाटंला आता कुत्रंबी जात न्हाय," अण्णा म्हणाला. "येड्या बाभळी माजल्यात. कोण मरायला जातंय तिकडं. चांगला डांबरी रस्ता झालाय की."

सुनेनं कप खाली ठेवला. "म्हणजे बंद पडलेली वाट आहे?"

"पार बंद."

"कुठून कुठे जायची?"

मी सांगितलं. आमच्या लहानपणी गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीपासून नदीच्या वरच्या अंगाच्या गावाला जावं लागायचं. वाट ज्वारीतून निघायची, गायरान ओलांडायची, ओढ्यात उतरायची, बाभळीच्या बनातून वर चढायची आणि नदीच्या वळणावर, जिथं उन्हाळ्यात पायी पलीकडे जाता यायचं, त्या उतारापाशी निघायची. तिथून शाळा दिसायची. मी बोलत होते आणि सून पुढे सरकून ऐकत होती. अशी ऐकताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. ती म्हणाली, "आई, सह्याद्रीत आम्ही अशाच बंद पडलेल्या वाटा शोधत फिरतो. म्हाताऱ्या माणसांना विचारत. कुणी मिळत नाही सांगणारं."

"मिळालं आता म्हातारं माणूस," मी म्हटलं. ती ओशाळली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही दोघी निघालो. अण्णा येणार नव्हता. डांबरी रस्ता सोडून काट्यात शिरणाऱ्या बायका त्याच्या हिशेबात बसत नव्हत्या. मी पंजाबी ड्रेस घातला, मुलाचे आजोळी पडून असलेले जुने बूट घातले. सुनेनं माझ्या पाठीला एक छोटी सॅक चढवली, पट्टे ओढले, पोटावर बंद लावला आणि म्हणाली, "वजन खांद्यावर नको, कंबरेवर यायला पाहिजे." मशीनवर बसून बसून माझी पाठ कायम दुखते. त्या सॅकनं ती सरळ झाली, हे मी तिला लगेच सांगितलं नाही.

वेशीपाशी बायका पाण्याला उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "काय इकायला आणलंय?"

"काय न्हाय."

"मग एवढं पाठीवर काय? साड्या हायत की गाऊन?"

"अगं, चालायला चाललोय."

"कुटं?"

"कुटं न्हाय. नुसतं चालायला."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आमच्या गावात माणूस कामाला जातो, बाजाराला जातो, देवाला जातो, मयताला जातो. नुसतं चालायला कोणी जात नाही. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरात भांडण झालंय का आक्का? काय असंल तर बोल." मी तिला समजावत बसले असते तर ऊन वर आलं असतं.

पहिला भाग ज्वारीतला. पाटाच्या कडेनं जाताना पानं दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होती. सून म्हणाली, आवाज किती येतो याचा. मी म्हटलं, हं. मनातून मला ते आवडलं होतं. ज्वारी संपली की गायरान लागायला हवं होतं, मोकळा माळ. तिथं ऊस उभा होता. मी सरीतून आत घुसले, कारण वाट माझी होती आणि मला ती डोळे मिटून येत होती. थोडं गेल्यावर उजवीकडे वळले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि मग मला काहीच दिसेना. चारी बाजूंनी ऊस, वर आभाळाची पट्टी. माझ्याच माहेरच्या रानात मी हरवले. घामानं ड्रेस चिकटला, पाचटानं हात कापले, आणि सुनेपुढे अब्रू गेली ती वेगळीच.

तिनं मोबाईल काढला. नकाशावर नुसता हिरवा डाग होता. तो तिनं खिशात ठेवला आणि म्हणाली, "आई, आता कुठे वळायचं हे आठवू नका. तुम्ही शाळेत निघालाय. माळावर उभ्या आहात. काय दिसतंय?"

मी डोळे मिटले. असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. "चिंच," मी म्हटलं. "एकटीच. डाव्या हाताला. तिच्याखाली ओढ्याचा उतार."

तिनं सॅक उतरवली, माझ्या खांद्यावर हात टेकून पाटाच्या दगडावर चढली आणि उसाच्या तुऱ्यांच्या फटीतून बघितलं. "आहे," ती म्हणाली. "चिंच आहे, आई." चिंच डाव्या हाताला नव्हती, आमच्या पाठीमागे होती, पण होती. मी त्या झाडाला तिथं पोचल्यावर हात लावला आणि माझे डोळे भरून आले. झाडासाठी रडणारी बाई मी नाही. चिंचा पाडून आम्ही मार खाल्लेला, त्याची आठवण असेल.

ओढ्यापलीकडे मात्र खरंच तिचं जंगल होतं. वेड्या बाभळींनी वरून कमान धरलेली, खाली वाकून जायला लागायचं. ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली पडलेलं. मोर ओरडत होते आणि ते दिसत नव्हते. एक कोल्हा समोरून वाट ओलांडून गेला, घाईत नव्हता. सुनेनं माझा हात घट्ट धरला. भीतीनं नाही, आनंदानं. तिथं शेळ्यांच्या आणि रानडुकरांच्या वाटा जिथं तिथं फुटलेल्या होत्या, आणि प्रत्येक फाट्यावर आम्ही थांबत होतो. बूट असूनही माझ्या पायात काटा शिरला. मी बसले, ती वाकून काटा काढायला लागली, तेव्हा समोर ओढ्याच्या ओलीवर हिरवं गवत दिसलं आणि मला गाठ आठवली.

मी तिला सांगितलं. शाळेला आम्ही एकत्र निघायचो नाही. कुणाला पाणी भरायचं असायचं, कुणाला शेण काढायचं. पुढे गेलेल्यानं प्रत्येक फाट्यावर वाटेच्या दोन्ही अंगांचे गवताचे दोन झुबके ओढून एकमेकांना बांधायचे. ज्या वाटेवर गाठ, त्या वाटेनं आम्ही गेलो. मागून येणाऱ्यानं गाठ बघायची आणि शेवटच्यानं ती सोडायची, नाहीतर गुराचा पाय अडकतो. कुणीही उठून कुणासाठीही गाठ मारायची नाही. आपल्या घरचं मागं असेल तरच. ज्याचं मागून कुणी यायचं नाही तो गाठ न मारताच जायचा. मी एक मारून दाखवली, दोन वेढे देऊन, घट्ट. मग लगेच सोडली, कारण मागं कुणी नव्हतं.

ती "अच्छा" म्हणाली. तेवढ्यात मोर दिसला आणि ती दुर्बीण घेऊन उठली. मला वाटलं, हिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

वळणावर पोचलो तर उतार पाण्याखाली गेलेला. खाली बंधारा झाल्यापासून नदी तिथं भरलेलीच असते. काठाकाठानं शाळेकडे जाणारी पुढची वाट सरळ पाण्यात शिरत होती. मला चुकचुकल्यासारखं झालं, पण सून त्या खडकावर जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. रुंद, शांत पाणी, मधल्या खडकांवर लांब चोचींचे पक्षी. ती एकेकाचं नाव सांगत होती. आम्ही त्यांना नुसतं बगळं म्हणायचो. आम्ही कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर खाल्ली. ती म्हणाली, "हे न चिरडणारं, न नासणारं, पोट भरणारं जेवण तुमच्याकडे आहे आणि आम्ही ब्रेड चिरडून डोंगरावर नेतो." पलीकडच्या काठावर एक बाई धुणं धूत होती. तिनं ओरडून कन्नडमध्ये विचारलं, कुणाच्या घरच्या? मी अण्णाच्या घराची ओळख सांगितली. तिनं सुनेकडे बोट केलं. "नन्न सोसी," मी ओरडले.

"काय म्हणालात?" सुनेनं विचारलं.

"माझी सून."

ती हसली आणि चटणीचं बोट चाटलं. चौथ्या दिवशी एसटीत बसताना "येते" म्हणाली. पण येते तर सगळेच म्हणतात.

त्यानंतर बरेच दिवस या विषयावर काही नाही. फोन यायचे, जेवलात का, औषध घेतलं का, एवढेच. मी विचारायची नाही. गरजवंत दिसायला मला आवडत नाही. आमचे हे म्हणायचे, "तू विचार की सरळ." मी म्हणायचे, "तुमी तुमचा भात बघा." शेवटी एका दुपारी तिचाच फोन आला. "आई, मी ग्रुपला सांगून टाकलं. जंगल नाहीये म्हणून."

माझ्या हातातली कात्री टेबलावर टेकली. "बरं," मी म्हटलं.

"ते म्हणाले, मग काय आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, रान आहे. या म्हणजे कळेल. पौषात ज्वारी निघायच्या आत येतोय आम्ही. मामींना विचारा ना, चालेल का." आणि मग, "जळवा नाहीत, कुसळं आहेत, पाय झाकून या, असं सांगितलंय मी सगळ्यांना."

ते आले. सॅका बघून वेशीवरच्या बायकांनी या वेळी गाऊन आहेत का विचारलं नाही. एकजण म्हणाली, "चालायला आलाव व्हय?" आणि घागर उचलून बाजूला झाली. माझा मुलगाही आला होता. नवे बूट घालून आल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी त्याच्या टाचेला फोड आला आणि त्याच्या बायकोनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "रानातच झोपायचास ना रे तू?" सकाळी ग्रुपमधला एक उंच मुलगा बांधावर उभा राहून इकडेतिकडे बघत म्हणाला, "पण ते रान कुठाय?" मी अण्णाकडे बघितलं. अण्णानं तोंड उघडलंच होतं. त्याच्याआधी सून म्हणाली, "हेच की रान." अगदी त्याच्यासारखं, 'की'वर जोर देऊन. अण्णा दिवसभर त्यावर खूश होता.

ते सगळे पुढे गेले. मी आणि वहिनी जेवण घेऊन मागून जायचं ठरलं होतं. भाकरी थापून निघेपर्यंत आम्हाला उशीर झाला. मी पाठीला सॅक लावली, वहिनीनं डोक्यावर पाटी घेतली. चिंच ओलांडली, ओढ्यात उतरलो, बाभळीत शिरलो आणि पहिल्याच फाट्यावर वहिनी थांबली. तीन वाटा फुटल्या होत्या. आदल्या आठवड्यात शेळ्या येऊन गेल्यानं सगळीकडे जमीन तुडवलेली, पावलांचा काही पत्ता लागेना. फोनला रेंज नव्हती. हाका मारल्या, तर मोरच ओरडले.

"कुटं गेली आसतील?" वहिनी म्हणाली. "भाकरी गार व्हायला लागल्या."

मी खाली बघितलं. मधल्या वाटेवर, ओलीच्या कडेला, दोन्ही अंगांचं हिरवं गवत ओढून एकमेकांना बांधलेलं होतं. आमची गाठ नव्हती ती. आमची दोन वेढ्यांची असते. ही बुटाच्या नाडीची होती, दोन कान काढलेली, जशी ती तिच्या बुटांना मारते तशी. मी आयुष्यभर दोऱ्याला गाठी मारल्या आहेत आणि सोडल्या आहेत. कुणाच्या हातची गाठ आहे ते मला सांगावं लागत नाही.

"काय गं ते?" वहिनीनं वरूनच विचारलं, पाटीमुळे तिला वाकता येत नव्हतं.

"गाठ हाय," मी म्हटलं. "आपल्या घरचं कोणतरी पुढं गेलंय."

पुढच्या फाट्यावर दुसरी होती, त्याच्या पुढे तिसरी. मी प्रत्येक ठिकाणी उगीच वाकून बघत होते आणि वहिनी चल चल म्हणत होती. मागून येणारी शेवटची मीच, म्हणजे सोडायचं काम माझं. पहिली सोडली, दुसरी सोडली. तिसरी वळणापाशी होती. तिथून पाणी दिसत होतं, खडकावर बसलेली पोरं दिसत होती, आणि त्यांच्यात उभी राहून, डोळ्यांवर हात धरून आमची वाट बघणारी ती. मी वाकले, गाठीचा कान धरला आणि न ओढताच हात काढून घेतला.

"सोड की," वहिनी म्हणाली. "शेवटची तूच हाईस."

"असू दे," मी म्हटलं. "आमच्या घरचं अजून कोणतरी मागनं यायचं आसंल."